मधल्या पानाचा मान

नीलकंठकाकांची उंची सहा फुटांच्या वर आहे, आणि बनारसच्या मराठी मंडळींनी या उंचीचा एकच उपयोग शोधून काढला. लग्नात अंतरपाट धरायचा.

पुण्याबिण्यात असते तर काकांना कुणी विचारलंही नसतं. तिथं उंच माणसं गल्लोगल्ली मिळतात. पण पंचगंगा घाटापासून संकठा घाटापर्यंतच्या गल्ल्यांत मराठी घरं ती किती, आणि त्यात जेवून उठताना पंख्याची काळजी करावी लागेल असा माणूस तो किती! त्यामुळे रेल्वेच्या कारखान्यात लागले तेव्हापासून ते निवृत्त होऊन घरात भाजी निवडायला लागले तोपर्यंत, कुणाच्याही घरी लग्न ठरलं की आधी मुहूर्त बघत, मग आचारी, आणि मग "नीलकंठ आहे ना रे गावात त्या दिवशी?"

काकांनाही हे काम मनापासून आवडे. पाटाचं टोक कुठल्या उंचीवर धरायचं, शेवटच्या 'सावधान'ला कसं झटकन ओढायचं, म्हणजे मुंडावळ्यांत अडकत नाही, हे सगळं त्यांच्या हातात मुरलेलं. आणि पाट ओढायच्या आधी, ओठ न हलवता, नवरीला एक सूचना: "ताई, हार वर धरा." कारण हार खाली असला की पाटात गुंततो, आणि मग मंगल प्रसंगी कात्री शोधावी लागते.

परिणाम असा, की या गल्ल्यांतल्या कुठल्याही घरातला लग्नाचा अल्बम उघडा. अंतरपाटाच्या फोटोत एका कडेला मनगटापर्यंत एक हात दिसतो. पिवळ्या पट्ट्याचं घड्याळ, करंगळीशेजारी चांदीची अंगठी. ते नीलकंठकाका. मनगटाच्या पलीकडचे काका फोटोग्राफरनं कापलेले असतात. त्याला नवरानवरी हवे असतात, खांब नको असतो.

तर अशा या काकांच्या एकुलत्या एका मुलीचं, अवनीचं, गेल्या माघात लग्न झालं. मुलगा नागपूरचा, अनिश. दोघं नोकरीला बंगळुरात. पावसाळा सरता सरता एका दुपारी तिचा फोन आला.

"बाबा, सुनो ना. लग्नाची फोटोबुक बनवायची आहे. म्हणजे अल्बम नाही हं, किताब. छापून येते. सगळे फोटो मी साइटवर डालून ठेवलेत, तुम्ही फक्त निवडायचे. चाळीस पानं. मला टाइम नाही आणि अनिशला अक्कल नाही."

"ऐकतोय मी," मागून जावयाचा आवाज आला.

"ऐकू दे. आणि बाबा, एक शर्त आहे."

"अट म्हण."

"अट. तुमचा नि माझा, बस दोघांचा, एक फोटो त्यात पाहिजे. तो नसेल तर मला किताबच नको."

"एवढंच ना?" काका म्हणाले. माणूस किती सहज बोलून जातो!

दुसऱ्या दिवसापासून काका लॅपटॉप घेऊन बसले. कारखान्यात बारीकसारीक सुटे भाग निवडायची सवय, त्यामुळे त्यांनी फोटोंच्या तीन राशी केल्या. घ्यायचे, बघू, आणि नको. हळदीच्या फोटोंत ते नव्हते. आचाऱ्याशी भांडत होते. सीमांतपूजनात त्यांची पाठ होती. रुंद, प्रशस्त आणि शिवण किंचित उसवलेली. कन्यादानात ते होते, पण सोबत बकुळकाकू, जावई, गुरुजी आणि होमाचा धूर असे इतके जण होते की त्याला दोघांचा फोटो म्हणणं म्हणजे दशाश्वमेधच्या गर्दीला एकांत म्हणण्यासारखं झालं असतं.

उरली पाठवणी. बाप आणि लेकीचा फोटो पाठवणीत नाही निघायचा तर कधी? पण आमच्या बनारसच्या गल्लीत मोटार येत नाही. नवरी चालत मोठ्या रस्त्यापर्यंत जाते. आणि त्या दिवशी नेमका गल्लीच्या तोंडाशी एक सांड बसला होता. वऱ्हाड थांबलं, सांड हलेना, तेव्हा काका त्याला उठवायला पुढे गेले. मागे मुलगी आईच्या, आत्याच्या, मामाच्या, अगदी शेजारच्या पानवाल्याच्याही गळ्यात पडून रडली. काका सांडाला पोळी दाखवत होते. त्या वेळचा काकांचा एक फोटो आहे. त्यात ते पूर्ण आहेत, स्पष्ट आहेत, चेहऱ्यावर माया आहे. पण सोबत सांड आहे.

"अगं, मी माझ्या मुलीच्या लग्नाला हजर होतो ना?" काकांनी बकुळकाकूंना विचारलं.

"जेवणाचं बिल तर तुमच्याच नावानं आलंय," काकू म्हणाल्या.

अंतरपाटाचेही फोटो होते, म्हणजे एकच होता. त्याची कथा अशी. फोटोग्राफर रामजतन केसरी हा पक्का बनारसी. त्याचा सगळा जन्म रात्रीच्या लग्नांत गेलेला. वरात येणार, नाचणार, जयमाला होणार, पहाटे फेरे. घाई म्हणून नाही. भर दुपारी बाराच्या मुहूर्तावर, पाच-सात कडव्यांत लग्न लागून मोकळं होतं, ही कल्पना त्याला झेपलीच नाही. मंगलाष्टकं चालू झाली तेव्हा त्याला वाटलं, भजन आहे. तो जिलबी खायला गेला. "सावधान"च्या गजरावर तो जो धावत आला, तो एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्यात जिलबी. त्यानं वाकड्यातिकड्यात एकदाच बटण दाबलं आणि विचारलं, "हो गया? अरे, इतने में शादी हो गई?"

तो फोटोही तसाच वाकडा आला होता. निम्म्या चौकटीत खाली पडणारा पाट, पाटाच्या मागे अनिशचा फक्त फेट्याचा तुरा, हवेत अक्षता, कडेला काकांचा नेहमीचा हात. आणि अवनी? सगळं जग ज्या क्षणी नवऱ्याकडे बघतं त्या क्षणी ही मुलगी मान वर करून भलतीकडेच बघत होती. वर दात काढून हसत होती.

काकांना तो फोटो बघून घाम फुटला. नागपूरकरांनी हा पाहिला तर काय म्हणतील? त्यांनी तो ताबडतोब 'नको'च्या राशीत टाकला, आणि त्याच्या जागी केसरीनं नंतर सावकाश काढलेला, दोघं हार घालून एकमेकांकडे दुकानातल्या पुतळ्यांसारखं बघताहेत असा, सरळ फोटो घेतला.

इथपर्यंत अडचण एकच होती. पण पुस्तक निघतंय ही बातमी फुटली.

मराठी लग्नात मानपान असतो, हे काही नवीन नाही. पण लग्न झालं की तो संपतो असं काकांना वाटत होतं. तो संपत नाही. तो छापखान्याची वाट बघत बसतो. सगळ्यात आधी आल्या काकांच्या थोरल्या बहीण, इंदूआक्का. येताना त्यांनी ठठेरी बाजारातून मिठाई आणली होती, यावरूनच काकांनी ओळखायला हवं होतं.

"निळ्या, मी काही मागायला आले नाही."

"बरं झालं."

"पण करवली मी नसले तरी आत्या मी आहे. माझा तो शालू नेसलेला फोटो आहे ना, तो कुठं लावलास?"

"बाराव्या पानावर."

"डावीकडे की उजवीकडे?"

"डावीकडे असेल."

"डावीकडे!" आक्कांनी मिठाईचा डबा स्वतःकडे ओढून घेतला. "पुस्तक उघडलं की डोळा उजवीकडे जातो. डावीकडे माणूस लावतात का? ते पुस्तकाचं मधलं पान असतं म्हणे, सलग उघडणारं, मधे घडी नसलेलं. तिथं कोण आहे?"

"तिथं अजून कुणी नाही."

"मग झालं," आक्का म्हणाल्या आणि डबा परत पुढे सरकवला. काका गप्प बसले. काकांचा गप्पपणा म्हणजे होकार, असं आक्का लहानपणापासून धरत आल्या आहेत.

त्यानंतर बकुळकाकूंचे भाऊ श्रीराममामा आले. मामांनी गच्चीवर जाऊन माकडांना हाकललं, तुळशीला पाणी घातलं, नळ दुरुस्त करून दिला, आणि मग सहज म्हणावं तसं म्हणाले, "भावजी, नवरीच्या पाठीशी कोण उभं असतं? मामा. आयुष्यभर उभा राहिलो नाही इतका वेळ मी उभा होतो. आता ते मधलं पान..."

नळ खरंच गळत होता. काका गप्प बसले.

आणि मग नागपूरहून फोन. विहीणबाई, देवयानीताई. आवाज मधाचा.

"नीलकंठराव, पुस्तकाचं कळलं. फार छान. मला काही नको हं. तुमच्याकडचं सगळं उत्तम झालं. आता लग्नाच्या सकाळी माझा चहा राहिला, ते सोडा. मी काही बोलले का?"

"नाही, नाही."

"सगळ्यांना दोनदा चहा मिळाला. मला एकदाही नाही. पण मी बोलले का?"

"मोठं मन आहे तुमचं."

"बकुळताईंनी दिलेली ती बनारसी साडी नेसून माझा एक फोटो आहे. मधल्या पानावर सलग छान दिसेल. पदर आहे ना मोठा."

काका गप्प बसणार होते. पण फोनवर गप्प बसता येत नाही. ते "हो" म्हणाले.

अशा रीतीनं एका पानाचे तीन मालक झाले. आणि अवनीनं मागितलेला फोटो अजून सापडला नव्हताच.

"मिला क्या?" ती दर दोन दिवसांनी विचारी.

"शोधतोय."

"शोधायचं काय त्यात? समोर तर आहे."

समोर आहे! काकांनी चष्मा पुसून पुन्हा सगळे फोटो पाहिले. समोर सांड होता.

शेवटी ते केसरीच्या दुकानात गेले. चौकापलीकडे जिन्याखाली त्याचं दुकान. "रामजतनजी, माझा नि मुलीचा एक फोटो हवा. तुमच्याकडे काही राहिलेले असतील."

"चाचा, आप तो दिन भर मेल ट्रेन बने थे। पकड़ में आते तब न!" केसरीनं पान एका गालातून दुसऱ्यात ढकललं. "पर चिंता नहीं। चिपका देंगे।"

"म्हणजे?"

म्हणजे केसरीनं काकांना तिथंच स्टुलावर बसवलं, फोटो काढला, आणि मशीनवर अवनीच्या शेजारी चिकटवून दिला. काकांनी पाहिलं. अवनी नऊवारीत, हातात हार. तिच्या खांद्याशी काका. उंची नारळाएवढी. शिवाय केसरीच्या दुकानातल्या दिव्याखाली काढल्यामुळे ते निळसर दिसत होते.

"थोड़ा बड़ा कर दें?" केसरीनं विचारलं. केलं. आता काका मांडवाबाहेर गेले आणि अवनी त्यांच्या खिशात ठेवल्यासारखी दिसायला लागली.

"राहू दे, रामजतनजी."

"चाचा, सच बोलें? बिटिया पहचान लेगी।"

ते काकांना माहीतच होतं. परत येताना ते गल्लीनं न येता मुद्दाम घाटानं आले. भोसले घाटाच्या दगडी पायऱ्यांवर थोडा वेळ बसले. समोरून एक नावाडी ओरडला, "का हो चाचा, बइठल हउअ?" काकांनी 'बसलोय' अशा अर्थानं हात वर केला. मग त्या हाताकडेच बघत राहिले. गावातल्या निम्म्या लग्नांत हा हात आहे, त्यांना वाटलं, आणि ज्या लग्नात आपण सगळेच्या सगळे असायला हवं होतं, तिथं आपण सांडाबरोबर. त्या दिवशी आपल्या पोरीकडे आपण एकदा तरी बघितलं का? आठवेना. आचारी आठवला, सांड आठवला, न मिळालेला चहासुद्धा आठवला. पोरगी आठवेना.

दिवाळी जवळ आली. अवनीचा पहिला दिवाळसण, त्याआधी पुस्तक हातात पडायचं तर छपाईला उद्याच पाठवायला हवं होतं. मधलं पान रिकामं होतं. बकुळकाकू चकल्या करत होत्या; दोन्ही हात पिठात. काका लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसले.

"अगं, तिला सांगावं लागेल. आमच्या दोघांचा फोटो नाही."

"नाही कसा?"

"नाही म्हणजे नाही. मी त्या दिवशी कुठंच नव्हतो."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा माणूस इतक्या हळू आवाजात कधी बोलला नव्हता. "दाखवा बघू," त्या म्हणाल्या. "ते 'नको'वाले दाखवा. निवडलेले नकोत, ते मी पाहिलेत. सगळे मेणाचे आहेत."

काका एकेक पुढे सरकवू लागले. धूर. पाठ. आक्का, डोळे मिटलेल्या. सांड. अंतरपाट.

"थांबा. मागं घ्या."

"तो नको. वेड्यासारखी बघतेय बघ. अनिश समोर उभा, आणि ही छताकडे बघून हसतेय."

"छत कुठलं? उघड्या चौकात लागलं ना लग्न?" काकूंचे हात पिठात होते, म्हणून त्यांनी पडद्यावर कोपर टेकवलं. "हे काय आहे?"

"पाट."

"पाट कुणाच्या हातात आहे?"

काकांनी पाहिलं. पिवळा पट्टा. चांदीची अंगठी.

इथं एक सांगायला हवं. वधूपित्यानं पाट धरायचा नसतो. त्या दिवशी दोघांनी धरायचा म्हणून दोन भाचे नेमले होते. पण पाट उलगडला गेला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं काकांचा हात आपोआप पुढे गेला. गुरुजींनी डोळे वटारले, पण मुहूर्त दारात उभा. राहिले काका तसेच पाट धरून.

"आणि पाट ओढायच्या आधी तुम्ही काय म्हणालात?" काकूंनी विचारलं.

"काय म्हणणार? काही नाही."

"तुम्ही म्हणालात, 'ताई, हार वर धरा.'"

काकांनी चष्मा वर सरकवला.

"स्वतःच्या पोरीला! ताई! धरा! तिनं त्याच संध्याकाळी मला सांगितलं, हसून हसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाली, मला रडूच येत होतं अगं, सगळं धूसर झालं होतं, आणि वरून बाबांचा ऑफिसवाला आवाज आला. मग बघणार कुठं ती? छताकडे?" काकू थांबल्या. "मुलीच्या आईनं मंगलाष्टकं ऐकायची नसतात म्हणून मी तेव्हा तुळशीपाशी बसले होते. तो क्षण मी पाहिलेलाच नाही. मला एवढाच दिसलाय तो, आणि तुम्ही तो 'नको'त टाकलात."

काकांनी फोटो मोठा केला. आता दिसलं. अवनीची मान वर होती ती त्या मनगटाच्या रेषेत, बरोबर सहा फुटांवर. गालावर एक थेंब होता आणि तोंडभर हसू. हार तिनं वर धरलेला होता. सांगितल्याप्रमाणे.

कढईत एक चकली जळली.

मग काकांनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. तो वाकडा फोटो उचलला आणि मधल्या पानावर सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत लावला. आक्का डावीकडेच राहिल्या. मामा नवरीच्या पाठीशी, म्हणजे मागच्या पानांत. विहीणबाईंना पदरासकट एक आख्खं पान दिलं, पण मधलं नाही. सांडही 'नको'तून निघून सुरुवातीच्या पानांत आला.

"तिघांनाही काय सांगाल?" काकूंनी विचारलं.

"सांगेन, की पान आधीच दिलेलं होतं."

पुस्तकं दिवाळीच्या तोंडावर आली. एक बनारसला, एक नागपूरला. आक्कांनी काकांकडे येऊन चष्मा लावून स्वतःचं पान शोधलं, "डावीकडे ते डावीकडेच" म्हणाल्या आणि फराळाला हात लावला नाही. घरी जाताना डबा मात्र भरून नेला. मामांनी पुढच्या वेळी नळाला माणूस बोलवा असं सुचवलं. या दोघांचं काका पचवू शकत होते. खरी धडकी नागपूरची होती.

फोन आला, तोही तोंड दिसणारा. विहीणबाईंच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. मधल्या पानावर.

"नीलकंठराव, हे काय?"

"फोटो," काका म्हणाले.

"माझ्या मुलाचा नुसता तुरा दिसतोय. आणि हा एवढा मोठा हात कुणाचा?"

"माझा."

"पूर्ण माणूस मिळाला नाही का?"

"त्या दिवशी नाही मिळाला, ताई."

विहीणबाई पुस्तक डोळ्यांजवळ घेऊन बघत होत्या. पडद्यावर फक्त त्यांचं नाक दिसत होतं. काकूंनी काकांचं मनगट घट्ट धरलं.

"मला वाटलं गुरुजींचा," अखेर नाक म्हणालं. "गुरुजींचा असता तर मी बोलले असते. बापाचा आहे, तर असू द्या." मग चेहरा परत आला, डोळे जरा ओले. "माझ्या वडिलांचा एक फोटो नाही हो माझ्या लग्नातला. सारखे पंगतीत वाढत होते." आणि लगेच सावरून, "पण चहाचं मी विसरले नाहीये हं."

"दिवाळीत या. दोनदा करतो," काका म्हणाले.

धनत्रयोदशीला अवनी आणि अनिश आले. पुस्तक मधे ठेवून सगळे भोवती बसले. आक्काही आल्या होत्या, कारण रुसून घरी बसलं तर कुणाला दिसत नाही. अवनी पानं उलटत गेली. सांडाचं पान आलं तेव्हा अनिश इतका हसला की त्याला ठसका लागला. मग मधलं पान उघडलं. सलग, घडी नसलेलं.

अवनी त्या हातावर बोट ठेवून बसून राहिली. काकांना वाटलं आता ही रडणार, आणि ही रडली की आपलं काही खरं नाही. त्यांनी घसा साफ केला. तोच जुना, ओठ न हलवता काढलेला, ऑफिसचा आवाज.

"ताई, पान उलटा."

ती हसली. मान वर करून, अगदी तशीच, आणि या वेळी हाताच्या पलीकडचे सगळे काका तिच्या समोर होते. पण पान काही तिनं उलटलं नाही.

"अगं, मागं उलट की," मागून आक्का म्हणाल्या. "मधलं बघून झालं, आता माझं डावीकडचं दाखव जावयाला."